कानशिलाची धमनी

४ मार्च
अंगठ्याएवढ्या डबीत आज ताई आली माझ्या प्रयोगशाळेत! म्हणजे तिच्या कानशिलाच्या धमनीचा तुकडा. महिनाभर डोकं ठणकतंय, घास चावताना जबडा भरून येतो. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, धमनीला सूज असेल तर डोळ्याचा मज्जातंतू उपाशी मरेल, नजर जाईल. अहवाल येईपर्यंत सूज उतरवणाऱ्या गोळ्या घ्या. गोळ्यांनी झोप उडाली, तोंड सुजलं. ताई म्हणते, "आधी नुसतं डोकं दुखायचं, आता आरसाही दुखतो."
घरच्या माणसाची सूक्ष्मदर्शकाखालची काच आपण बघायची नाही, असा आमचा रिवाज. विभागप्रमुख साहेब बघतील.

६ मार्च
दिवसभर कॉलेजच्या मुलांना मज्जातंतूचा छेद दाखवला. कापलेल्या दोरखंडासारखे पुंजके, प्रत्येक धाग्याला चरबीचं वेष्टण. कुणी बघेना. "मॅडम, परीक्षेला येतं का?" येतं म्हणाले. रांग लागली.

७ मार्च
साहेबांचा अहवाल – निरोगी. एक छेद, पाच मिनिटं, चहासकट. ताईला फोन केला.
"म्हणजे गोळ्या गटारात?"
"डॉक्टरांना विचार आधी."
"विचारलं समज."
बंद केल्या!

९ मार्च
चैन पडेना. हा आजार सलग नसतो. इथे सूज, बोटभर पुढे सगळं ठणठणीत. एकच टाका बघून अख्खी शिवण पक्की म्हणण्यातला प्रकार. साहेबांना म्हटलं, उरलेला तुकडाही कापू या. "बाई, ही शंका बहिणीच्या मायेपोटी की विद्येपोटी?" म्हटलं, दोन्हींशी तुमचा संबंध नाही, तुम्हाला कसं कळावं! – अर्थात मनात. तोंडाने "प्लीज सर" म्हटलं.

११ मार्च
तंत्रज्ञाने मेणात बसवलेला उरलेला तुकडा संपेस्तोवर कापला. रिवाज गेला खड्ड्यात, मीच बघितलं. कितीतरी छेद देखणे – आतला लवचीक पडदा चुण्याचुण्यांच्या झालरीसारखा, अखंड. आणि मग एकाएकी झालर फाटलेली. भिंत सुजलेली, तिच्यात ढीगभर केंद्रकं गिळून बसलेल्या राक्षसी पेशी, रक्ताला वाट सुईच्या टोकाएवढी. साहेबांनी डोकावलं. "होतं असं कधी कधी."
कधी कधी!
डॉक्टरांना फोन करून तशीच ताईकडे. समोर बसून गोळ्या गिळायला लावल्या. मी तोंडाचा पट्टा सोडलेला, ती गप्प. एरवी माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही. "घेतल्या गं बाई. आता तू दोन घास खा, काय अवतार झालाय." जेवले की नाही आठवत नाही. तिथेच कोचावर आडवी झाले.

१२ मार्च
सकाळी ताईने चहा ओतला – कपाच्या बाहेर. डावा डोळा परवापासून विझलाय.
"कालच सांगणार होते. पण तू इतकी दमून आलीस…"