छताचा दोष नव्हे, गाद्यांचा

३ मार्च

साफ खोटे! सभागृहाच्या स्मरणिकेत व्यवस्थापक, म्हणजे आमचे जावईबापू, लिहितात : ‘छताच्या सदोष रचनेमुळे आवाज प्रारंभापासूनच बसका.’ ते लाकडी छत मी आखले. आवाज इतकी वर्षे खणखणीत होता. तो बसला गेल्या हिवाळ्यात — लाकडी खुर्च्या काढून गादीच्या बसवल्या तेव्हा. आणि आता म्हणे छतच उतरवणार! शिवाय व्याकरणही धड नाही : परिच्छेदभर कर्ता एक, क्रियापद भलत्याचेच.

५ मार्च

काल मुद्दाम मागच्या रांगेत बसलो. गायिकेचे ओठ हलताना दिसत होते. शब्द येत नव्हते. पुढच्या रांगांतील गाद्यांनीच सूर गिळले. शेजारचे गृहस्थ म्हणतात, “खुर्ची मात्र झकास हं! मस्त डोळा लागला.” मूर्ख!

९ मार्च

जावयाला घरी बोलावून उलटतपासणी घेतली.

“आवाजाची चाचणी केव्हा घेतलीत?”

“खुर्च्या बसवल्या त्याच दिवशी, अण्णा. उत्तम आली होती.”

“प्लास्टिकची वेष्टणे काढून?”

हळूच म्हणाला, “नवं कापड मळेल म्हणून ठेवली होती.”

गाद्यांवर प्लास्टिक ताणून चाचणी! आवाज परतणारच. वेष्टणे निघाली, आवाज मेला, आणि खापर माझ्या छतावर.

सायंकाळी लेकीचा फोन : “अण्णा, सभागृहाच्या विश्वस्त मंडळाकडे जाऊ नका. ह्यांना घरी बसवतील हो.”

म्हटले, “बसवू देत. गादीवर बसायची आवड आहेच.”

तिने फोन ठेवला.

१४ मार्च

मंडळासमोर प्रयोग केला. सर्व खुर्च्यांवर प्लास्टिक अंथरवले, व्यासपीठावरून टाळी वाजवली — छत बोलले! प्लास्टिक काढले, पुन्हा टाळी — ठप्प.

अध्यक्ष म्हणाले, “छताला कुणी हात लावायचा नाही.” मग, “या खुर्च्या कुणी मागवल्या?”

जावई उठला. “मी.” आयुष्यात प्रथमच सरळ उत्तर दिले.

१५ मार्च

छत राहिले. आता भोगा म्हणावे!

२२ मार्च

लेक येऊन गेली. बसली नाही. तिच्या सांगण्यावरून, मी धरून चाललो होतो त्या तारखा दुरुस्त करून ठेवतो —

गादीच्या खुर्च्यांची मागणी : जून नव्हे, एप्रिल. जावयाची नव्हे, लेकीची. कमरेच्या शस्त्रक्रियेनंतर मला लाकडावर बसवत नव्हते म्हणून.

खुर्च्या बसवल्या : डिसेंबर नव्हे, नोव्हेंबर, माझ्या वाढदिवसाआधी.

जावयाला कामावरून काढले : महिनाअखेरीस नव्हे. काल.