रेल्वेतल्या ताटातला भात

मंगळवार, संध्याकाळ, जुन्नर

सुमे, काल माझ्या वहीत वार घालायला इसरलीस. तू नात का म्हातारी? आज आधी वार घाल, मग मी सांगते ते लिही.

काशीहून येताना रेल्वेत जेवणाचं ताट यायचं, त्यात मूठभर भात. दोन्ही दिवस तुझे आजोबा तो माझ्याकडं सरकवायचे. "तू खा, मला लई झालं." मी म्हनले, "तळेघरचा भातखाऊ गडी एवढ्यात भरला व्हय?" त्यांच्या ताटातलं उरलेलं खायची मला जन्माची सवय. माझ्यासाठीच ठेवत्यात वाटलं. हसत हसत खाल्ला.

आज डाक्टर म्हनला, त्यांच्या घशात गाठ हाय, महिन्यापासून घास उतरत नसंल.

मला कसं दिसलं न्हाई? मूठभर भात, त्योबी मीच खाल्ला.

आईला सांग, उद्या दवाखान्यात नाचणीची पेज धाड, पातळ, गाळून. माझ्यासाठी भात नको.