निळीची रेघ

सोमवार, ४ मार्च

आज बाईंच्या हवामान-माहिती केंद्रात भूत आलं! मीच आणलं. सकाळी पाय बादलीत बुडवले आणि भिंतीपासून बाईंच्या टेबलापर्यंत ओली पावलं उठवली. तिथून टेबलावर, टेबलावरून खिडकीत, खिडकीतून पसार. शिपाईकाकांनी कुलूप उघडलं, तर भिंतीतून निघालेली पावलं टेबलापाशी गायब! काका दोन ताड उडाले.

बाई मात्र नुसत्या वाकून बघत राहिल्या. म्हणाल्या, "बघ, फरशीला उतार आहे. प्रत्येक पावलाचं पाणी दाराकडेच ओघळलंय. पाणलोट म्हणजे तरी दुसरं काय?"

घ्या! भुतातसुद्धा उतार सापडला. अशा माणसाला घाबरवायचं तरी कसं?

बुधवार, ६ मार्च

शाळेला मी झेपले नाही की मला शाळा, ते अजून ठरायचंय. पण केंद्रातली ही नोकरी झेपते. बाईंनी मोठ्या पत्र्याच्या ट्रेमध्ये वाळू आणि मातीचं आमचं गाव केलंय. एका टोकाला टेकडी, मधे आमची गल्ली, खाली समुद्र. घरं काड्यापेट्यांची. शाळेची पोरं आली की मी झारीने टेकडीवर पाऊस पाडायचा आणि पाणी कुठे कुठे जातं ते दाखवायचं. बस्स. देव झाल्यासारखं वाटतं, पगारी देव.

गल्लीच्या तळाला पिवळी काड्यापेटी आहे, ते मामाचं नवं घर. आई गेल्यापासून मी मामा-मामीकडेच. मामा गवंडी. जन्मभर लोकांची घरं बांधली, हे पहिलं स्वतःचं. पडीक ओढ्यावर भराव घातला, उंच जोतं उचललं, एकेक वीट जमवत. आता फक्त रंगाचा हात राहिलाय. पुढच्या महिन्यात भाड्याच्या खोल्या सोडून तिकडे. मामीला स्वयंपाकघरातून समुद्र दिसणार!

बाईंना गल्लीची काळजी. "समुद्र थोडा थोडा वर येतोय, आणि पाऊस येतो तो एकदम कोसळतो. दोन्ही एकाच दिवशी आले तर?" पण माहिती ऐकायला गल्लीतलं कुत्रंही फिरकत नाही. फुकट वाटलेले तक्ते शिंपीणकाकूंनी नमुने कापायला वापरले. हवामानबदलाची बाही झाली, किनाऱ्याची कॉलर.

शुक्रवार, ८ मार्च

दुपार. सगळी गल्ली घोरतेय. मी आत्ताच असं काही करून आलेय की हात अजून निळे आहेत!

त्याचं असं झालं. बाई म्हणाल्या होत्या, समुद्राची मोठी भरती आणि मोठा पाऊस एकत्र आले तर पाणी शिंपीणकाकूंच्या दुकानाच्या खालच्या बिजागरीला लागेल. एवढंच. पण पाणी काय एकट्या काकूंकडे येणार? मामाची पाण्याची नळी उचलली. दोन टोकं दोन ठिकाणी धरली की आतलं पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला उभं राहतं, गवंडी पातळी काढतात ती. दुसरं टोक धरायला मामी. "बाईंचं काम आहे," म्हटलं. मामी म्हणाली, "तुझं तोंड सांगतंय कोणाचं काम आहे ते," आणि पदर खोचून आली.

बिजागरीपासून निघालो. घरोघरी त्याच पातळीला कपड्यांच्या निळीची रेघ. काकूंच्या भिंतीवर गुडघ्याला असलेली रेघ दूधवाल्याच्या घराशी छातीला! गल्ली सपाट आहे असं आम्ही जन्मभर समजत होतो. मामी हसायची थांबली.

आमच्या खोलीतही ओढली. आता तिच्याखाली आडवी पडलेय. खिडकीतलं ऊन भिंतीवर हलतंय, अगदी पाण्यातून आल्यासारखं. कपाट पाण्यात, घागर पाण्यात, मामाच्या चपला तरंगतायत. वरून कुणाची तरी होडी जातेय आणि तिचं पोट दिसतंय. भीती वाटत नाही, हीच गंमत. इथे खाली फार शांत आहे.

शनिवार, ९ मार्च

बोंबाबोंब! सगळे रस्त्यात, तोंडात ब्रश धरून.

दूधवालेकाका: "माझ्या छातीला आणि हिच्या गुडघ्याला? मी काय घोडं मारलंय?"

शिंपीणकाकू: "तुम्ही पाण्याशी लहानपणापासून सलगी केलीत ना, दुधात!"

मग सगळ्यांची नजर तळाशी गेली. मामाच्या नव्या घराची रेघ जोत्याच्याही खाली. एकटं कोरडं! "भाचीने मामाचं घर बरोबर वाचवलं!"

मामा स्वतःची नळी घेऊन आला. सगळ्या दारांवरून फिरला. शेवटी म्हणाला, "पोरगी वांड आहे, पण रेघ खरी आहे." मामाची पातळी म्हणजे पातळी, त्यावर कुणी बोलत नाही. पुढे मिशीतून हसला, "जोतं कोणी उचललंय!"

मला कान धरून घरी नेलं. पण हळू धरला होता.

मंगळवार, १२ मार्च

कालपासून केंद्रात गर्दी! माहितीला नव्हे, भांडायला. प्रत्येकाला आपली रेघ खाली करून हवीय. "अहो, चार बोटं तरी कमी करा," दूधवालेकाका बाईंना म्हणाले, भाव पाडतात तसे. बाईंनी सगळ्यांना गोडीने ट्रेभोवती उभं केलं आणि मला डोळा मारला. बाईंनी! मी पाऊस पाडला. काड्यापेट्या भिजल्या. कोणीही हललं नाही. काकू आपली काड्यापेटी बोटाने धरून उभ्या राहिल्या, बुडू नये म्हणून.

बाई जाताना म्हणाल्या, "एवढी वर्षं तक्ते छापले. निळीचं सुचलंच नाही." मी उगाच फडकं शोधत बसले.

बुधवार, १३ मार्च

हे लिहू की नको?

दुपारी केंद्रात एकटीच होते. ट्रेमध्ये पाऊस पाडून गल्ली भरली आणि बघत बसले. माझीच रेघ, माझंच तळं. डोळे मिटायला लागले. चाळा म्हणून मामाची पिवळी काड्यापेटी टिचकीने उडवली. खालचा भरावही थोडा सरकला.

आणि तळं निघालं चालायला.

टेकडीचं पाणी पेटीखालच्या जुन्या ओढ्यातून थेट समुद्रात. दूधवाल्याचं दार उघडं पडलं, काकूंची बिजागरी कोरडी. परत सगळं लावलं, परत पाऊस पाडला. गल्ली भरली. पेटी काढली. रिकामी. समुद्र भरून ठेवून पाहिलं, तरी छातीचं पाणी गुडघ्यावर आलं.

म्हणजे समुद्र आहेच. पण अर्धं पाणी टेकडीचं आहे, आणि त्याच्या वाटेवर आमचं घर उभं आहे. ते कोरडं राहतं कारण बाकी सगळे भिजतात.

भराव घालताना सगळी गल्ली खूश होती. घाणेरडा ओढा बुजला म्हणून. विटासुद्धा सगळ्यांनी वाहिल्या.

पेटी डिंकाने घट्ट चिकटवून टाकली. बाईंना बोलले नाही.

गुरुवार, १४ मार्च

कामाला गेले नाही. ताप आहे म्हणून सांगितलं. मामीने कपाळाला हात लावला आणि पांघरूण ओढून दिलं.

शुक्रवार, १५ मार्च

मामा केंद्रात आला! जोतं कसं उचलायचं ते गल्लीला समजावायला. बाईंनीच बोलावलं होतं. मी झारी लपवली. शिपाईकाकांनी शोधून दिली. भुताचा सूड.

गवंड्याला हात लावल्याशिवाय दिसत नाही. एकेका काड्यापेटीवर मामाचं बोट फिरत गेलं. पिवळीपाशी थांबलं.

"कारटे, बाकीची घरं सुटी आहेत. हेच का चिकटवलंस?"

मी नुसता पाऊस पाडत राहिले. 

मामा पाण्याकडे बघत राहिला. ते कुठे अडतंय ते त्याला माझ्यापेक्षा लवकर दिसलं असणार. पेटी उपटली. तिच्याबरोबर वाळूचं ढेकूळ आलं. पाणी गेलं. इतक्या माणसांत त्याचा आवाज ऐकू आला.

पहिल्या काकूच बोलल्या. "अहो, खेळणं आहे ते! खेळण्यावरून कोणी घर मोजतं का?"

"बरोबर," दूधवालेकाका म्हणाले. ज्यांच्या छातीला रेघ, ते!

बाई रिकाम्या ओढ्यावर वाकल्या. मामाने पेटी जागेवर ठेवली, हात धुतले, गेला.

शनिवार, १६ मार्च

स्वप्न पडलं. मामाचं घर पाण्यावर सुटलंय आणि हळूहळू समुद्रात चाललंय. मामी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात हलवतेय, टाटा करतात तसा. किनाऱ्यावर सगळी गल्ली उभी. कुणीही हाक मारत नाही.

रविवार, १७ मार्च

सगळे मामाला समजवायला घरी आले होते. ठरवूनच. "तुझं घर आहे तसं राहू दे. आम्ही उंबरे वाढवू." काकू म्हणाल्या, "आणि पाणी आलंच तर तुझ्या गच्चीवर येऊ. हिची मामी चहा देईल."

मामाही हसला. सगळ्यांना दारापर्यंत सोडायला गेला. मला इतकं हलकं वाटलं की शिपाईकाकांच्या सायकलची हवासुद्धा सोडली नाही.

सोमवार, १८ मार्च

घणाच्या आवाजाने जाग आली. नव्या घराकडे धावत गेले. मामाने स्वयंपाकघरापासून सुरुवात केलीय. समुद्राकडची भिंत अर्धी खाली. मामी पदर कमरेला बांधून अख्ख्या विटा बाजूला रचतेय. दोघंही माझ्याकडे बघेनात. मग मामाच म्हणाला, "उभी काय राहिलीस? घमेलं उचल."