पत्रकावरचं खरं नाव

एडिनबरा

प्रिय आई,

नमस्कार. मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

आमचा शेजारी सीरियात मालिकांमधून काम करायचा, त्या लिहायचाही. आता तिकडच्या बंदूकवाल्यांवर लिहितो, म्हणून टोपणनाव घेतो. त्याची एकांकिका मी इथल्या मराठी मंडळात मराठीतून बसवली. लेखकाला श्रेय मिळायलाच हवं, म्हणून त्याला न विचारता पत्रकावर त्याचं खरं नाव छापलं, फेसबुकवरही टाकलं.

तो एवढंच म्हणाला, “वृंदा, माझा भाऊ अजून तिकडेच आहे.”

मी लगेच काढून टाकलं. पण तीन दिवस त्याच्या भावाचा फोन लागत नाही. “तिकडे वीज नसते,” असं म्हणून उलट तोच मला धीर देतो.

तुलाही नाव कळवत नाही. देवापुढे दिवा लावताना ‘वृंदाच्या शेजाऱ्याचा भाऊ’ एवढंच म्हण.

तुझीच,
वृंदा