प्रिस्टेन आणि काकीच्या तिसऱ्या

९ जाने.
खाडीच्या गाळाचा रिपोर्ट आला. आलेखात प्रिस्टेनचा सुळका ताडमाड! डिझेलात सापडतं तेच हे. दुपारी पंचायतीत बोलावलं. सांगून टाकलं, गाळात खनिज तेल असावं. ‘असावं’ कुणी ऐकलंच नाही.

१२ जाने.
शेजारच्या शेवंतीकाकीच्या तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, बाजारातून पाटीभर परत. ओहोटीला चिखलात बसून बिचारीने वेचलेल्या. कुंपणावरून म्हणाली, “गो मास्तरणी, माझ्या तिसऱ्यांत डिझेल आसा म्हणान तूच सांगितलंस मां?”
फार वाईट वाटलं.

१५ जाने.
कॉलेजातून येऊन रिपोर्टातला आलेख पुन्हा काढला. घोळ आहे. खनिज तेलात प्रिस्टेनच्या जोडीला फायटेन हवं, इथे औषधालाही नाही. बाकी सुळके २७, २९, ३१ कार्बनचे. ते पानांवरचं मेण, म्हणजे खारफुटीचा कुजलेला पाला. मग हे एकटं प्रिस्टेन आलं कुठून?

१६ जाने.
नमुने बाबांच्याच होडीतून काढले होते. सहज विचारलं, तेव्हा होडीला काही केलं होतं का?
“काय करतलंय? आदल्या दिसा मोरयेचा तेल लायलंय. दरवर्साक लायतंय.”
अरे देवा! मोरी म्हणजे शार्क. तिच्या यकृताच्या तेलात प्रिस्टेन असतंच. लाकूड टिकतं म्हणून आजोबाही लावायचे. जन्मापासून तो वास नाकात, त्यामुळे त्या दिवशी जाणवलाच नाही. गाळाची नळी खुशाल फळीवर टेकवली. तिथेच हात टेकून बसले. अक्कल चरायला गेली होती माझी.

१७ जाने.
सकाळी चालत जाऊन, धुतलेल्या काचेच्या बाटल्यांत नवा गाळ. प्रयोगशाळेत पाठवला.

१८ जाने.
पंचायतीत सांगितलं, चूक माझी. सरपंच म्हणाले, “मग मॅडम, तेल नाही असं लिहून द्या.” कसं देऊ? तो नमुनाच बाद. आहे म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही. काकी मागे उभी होती. ऐकून निघून गेली.

२१ जाने.
रिपोर्ट अजून नाही. काकीने जेवायला बोलावलं, मला आणि माझ्या ओवीला. ओवी सहा वर्षांची, तिसऱ्यांवर जीव. त्यांचंच सुकं वाफाळत होतं.
“आधी तू खा,” काकी मला म्हणाली.
खाल्लं. चव नेहमीचीच, झकास. काकी माझ्या तोंडाकडे बघत होती. मग भरलेला डाव ओवीच्या ताटलीवर धरून थांबली.
“तुझ्या चेडवाक वाढू?”
ओवीने ताटली पुढे केली. मला हो म्हणता येईना.