मुश्ताकभाईचा गियर

मामा,

तुझ्यापुढे तोंड उघडलं की तू आधी ओरडतोस, म्हणून लिहितोय.

शेजारच्या यंत्रमाग कारखान्याच्या मालकाने, मुश्ताकभाईने, मुलीच्या लग्नाची पत्रिका स्वतः न आणता कामगाराच्या हाती पाठवली, एवढ्यावरून तू वर्षभर त्याच्याशी बोलत नाहीस. आधी एकाचा पार्ट तुटला की दुसरा लगेच काढून द्यायचा. आता एका गियरपायी आपला लूम दोन-दोन दिवस उभा, आणि भिवंडीभर पायपीट मी करायची!

सोमवारी तू गियर आणायला धाडलंस, तर मी वाटेत टेमघरच्या मैदानावर क्रिकेटची मॅच बघत बसलो. एक डावखुरा काय मारत होता! उठलो तोवर दुकान बंद. रिकाम्या हाताने परतताना मुश्ताकभाईने हटकलं, "क्या हुआ, भांजे?" मी सांगितलं. त्याने फळीवरचा एकुलता एक जादा गियर काढून दिला. "मामू को बोल, मार्केट से लाया."

तू तो बसवलास आणि आपल्या शेलार गावभर सांगत सुटलास, "कुनाच्या दारात जावं लागलं न्हाय!"

आज त्याचाच गियर तुटलाय. फळी रिकामी, आणि तो तुझ्याकडे मागणार नाही. वर तू मला विचारतोस, "शेजारी आज आवाज कसा न्हाय रं?"

हे पत्र दिलं तर तू चालता लूम थांबवून गियर त्याच्या दारात फेकशील, आणि फेकलेला तो उचलणार नाही. मग दोन्हीकडे शांतता. म्हणून पत्र खिशातच ठेवतो आणि त्याच्यासाठी गियर आणायला खरंच मार्केटला निघतो. आज मॅच बघणार नाही.

दोन कारखान्यांच्या मधे अडकलेला तुझा भाचा,
कुमार