उजाड हा शब्द माझा होता

हसनचाचा, सलाम.

खड्डे घेऊन झाले आहेत. औंधच्या अलीकडचा तुमचा माळ, तिथेच. काल उपसरपंचांनी फोनवर स्वतः सांगितलं आणि आज तुमच्या सलमाने जाऊन पाहिलं, म्हणजे बातमी पक्की. रोपं गुरुवारी लागणार. फलकही रंगवून तयार आहे: पक्षितज्ज्ञ हसनचाचा स्मृतिवन.

तुमच्या नावानं, तुमच्याच माळावर, झाडं! म्हणून हे पत्र.

तुम्ही पहिल्यांदा सांगलीला आमच्या कचेरीत आलात, तेव्हा दाढीत कापूस होता. रहिमतपूरहून सायकलवर गावोगाव गाद्या भरत फिरणारा पिंजारी, आणि पिशवीत पाखरांच्या नोंदींच्या वह्या. मी रविवारच्या पुरवणीचा उपसंपादक. "सायब, पाखरू खरं हाय. तुमच्या पेपरात बसंल का, तेवढं बगा." धाविक पक्षी उडण्याआधी किती पावलं पळतो, हे तुम्ही मोजून लिहिलं होतं. कोण मोजतं असं?

तुमचा मथळा होता 'भरला माळ'. पान सुटायला दहा मिनिटं होती. मला तो मिळमिळीत वाटला. मी केला, 'उजाड माळावरची पाखरं'.

दुसऱ्या दिवशी तुम्ही हजर. "आवं, उजाड कुठाय? गुडघाभर गवत हाय, त्यात चंडोलाची घरटी हायती. झाड न्हाई म्हंजे घर न्हाई व्हय?"

"चाचा, मथळ्याला जोर लागतो."

तुम्ही हसलात. "गादीबी जोर लावूनच भरतो आमी. पन दगड न्हाई भरत, मथळेवाले!"

पुढे तुमचं सदर त्याच नावानं चाललं, पहिलं पुस्तकही त्याच नावानं निघालं. तेव्हा भांडला का नाहीत, चाचा? तुमचा हा भिडस्तपणा आज महागात पडतोय.

दुसरं पुस्तक तुम्ही गवतांवर लिहिलंत आणि त्याच्या नावाला मला हात लावू दिला नाहीत. पहिल्याच पानावर आहे: माळावर झाड लावणं म्हणजे नांदत्या घरात मधोमध भिंत घालणं. पण ते पान किती जणांनी उघडलं?

उपसरपंचांना मी विचारलं, चाचांच्या माळावर झाडं कशी लावता? ते म्हणाले, "आवं, त्यांच्याच पुस्तकावर उजाड छापलंय की! आमी चाचांचा माळ हिरवा करतोय, त्यात वाकडं काय?"

"आत वाचलंत का?"

"कवर वाचलंय. लय झाक हाय."

रागावू कुणावर? माणूस प्रेमानं करतोय. शब्द मी पुरवलाय.

सलमा माझ्यासारखी घोळत बसली नाही. तिनं ग्रामपंचायतीत अर्ज देऊन टाकला: खड्डे बुजवा, नाहीतर अब्बांचं नाव काढा. कुणी समजवायला गेलं, "तुज्या बापाचा मान हाय गं." ती म्हणाली, "मान तुमी घ्या. माळ ऱ्हाऊ द्या."

तिनं फोटो पाठवलाय. दोन खड्ड्यांच्या मधे माळटिटवी अंड्यांवर बसली आहे. नजर अशी, की काय बिशाद उठवायची!

बुधवारी सकाळी ग्रामसभेत अर्जावर निर्णय आहे. गुरुवारी मी प्रमुख पाहुणा असणार होतो. मी कळवलंय की एक दिवस आधीच येतोय. तुमचं दुसरं पुस्तक घेऊन उभा राहीन, ते पान मोठ्यानं वाचीन आणि सगळ्या गावासमोर सांगीन, उजाड हा शब्द चाचांचा नव्हता, माझा होता. किती हात वर होतील, माहीत नाही. एकही झाला नाही तरी माळावर सलमा असेल, मी असेन आणि टिटवी तर आहेच.

येत्या रविवारच्या पुरवणीत चौकटीत दुरुस्ती जाणार. "इतक्या वर्षांनी कुणी दुरुस्ती छापतं का?" संपादक म्हणाले. छापतं, मी म्हणालो. मथळा, 'भरला माळ'. या वेळी एक अक्षर बदलणार नाही, हा शब्द.

तुमचा,
मथळेवाला